विमोसची फणी आणि सुरुवातीचे रूनिक लेख

प्रश्न:
डेन्मार्कमधील फ्यून बेटावरच्या विमोस दलदलीत सापडलेल्या शिंगाच्या फणीवर रून लिपीत (उत्तर युरोपातील जर्मानिक भाषांच्या जुन्या लिपीत) 'हार्या' एवढा एकच शब्द कोरलेला असून ती इ. स. १६० च्या सुमारास बनवलेली मानली जाते. त्या काळातील भाल्यांच्या पात्यांवरही एखाद-दुसराच शब्द असतो. मग तो मालकाचा, कारागिराचा की खुद्द वस्तूचाच, हे अभ्यासक कसे ठरवतात?

प्रतिसाद १:
नुसत्या अर्थावरून हे क्वचितच ठरते. अक्षरे कशी उमटवली आहेत, हे पाहणे अधिक उपयोगाचे. डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील इलेरुप येथील दोन पात्यांवर 'वाग्नियो' हा शब्द आहे आणि तोच विमोसच्या एका पात्यावरही आढळतो. शिवाय तो सगळीकडे हाताने कोरलेला नाही, ठशानेही उमटवलेला आहे. एका भाल्याचा मालक केवळ आपले नाव उमटवण्यासाठी ठसा घडवून घेईल, हे संभवत नाही. त्यामुळे ही शस्त्रकाराची खूण असावी, हे मत मला पटते. याउलट नॉर्वेतील ओव्हर स्टाबूच्या पात्यावरील 'राउनियाझ' म्हणजे 'पारखणारा', हे उघडच भाल्याचे नाव दिसते.

प्रतिसाद २:
डेन्मार्कमधील गालेहुस येथे १७३४ मध्ये मिळालेल्या सोन्याच्या शिंगावर मात्र 'मी, ख्लेवागास्तिझ होल्तियाझ, याने शिंग घडवले' असे पूर्ण वाक्यच आहे. (ते १८०२ मध्ये चोरीला जाऊन वितळवले गेले, आज आपण वाचतो तो लेख जुन्या रेखाटनांवरून.) पण ते शिंग इ. स. ४०० च्या आसपासचे असल्यामुळे त्यावरून विमोसच्या फणीचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

प्रतिसाद ३:
सापडण्याचे ठिकाण म्हणजे बनवण्याचे ठिकाण नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. इलेरुपची शस्त्रे पराभूत सैन्याची असून इ. स. २०० च्या सुमारास ती तळ्यात अर्पण केली गेली. तेथील फण्या एल्क व रेनडिअर या उत्तरेकडील हरणांच्या शिंगांच्या असल्याने ते सैन्य स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील भागातून आले असावे, असे मानतात. शिवाय काय टिकले, हेही दलदलीनेच ठरवले आहे. उत्तर जर्मनीतील थोर्सबर्ग दलदलीच्या आम्लधर्मी पाण्यात कापड टिकले आणि लोखंड विरघळले, तर विमोसला लोखंड आणि हाडे शाबूत राहिली. रून अक्षरांत उभ्या आणि तिरप्या रेषाच प्रामुख्याने असतात, आडव्या टाळलेल्या असतात, आणि लाकडाच्या रेषांवर कोरण्यास हीच घडण सोयीची. त्यामुळे लाकडावरचे बरेच लेखन नष्ट झाले असावे. 'हार्या' हे बहुधा पुरुषाचे नाव आहे, परंतु ते फणीच्या मालकाचे की ती भेट देणाऱ्याचे, हे त्या चार-पाच अक्षरांवरून सांगता येणार नाही.