टायरच्या दाबाचा दिवा विझत नाही

प्रश्न: सायन-पनवेल महामार्गावर खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळल्यापासून, गाडी सुरू करताच टायरच्या दाबाचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो. हवा चारही चाकांत बरोबर आहे. गाडी सात वर्षांची आहे.

उत्तर: दिवा आधी लुकलुकत असेल, तर दोष बहुधा हवेचा नसून चाकातल्या, दाब मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. त्यातली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते आणि ती सीलबंद असल्यामुळे सेन्सरच बदलावा लागतो. मात्र कोणत्या चाकाचा सेन्सर बिघडला आहे ते आधी स्कॅनरने तपासून घ्या, नाहीतर गॅरेजवाले चारही सेन्सर गळ्यात मारतील.

दुसरे उत्तर: ८०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का?

प्रश्नकर्ता: हो, थरथरते.

दुसरे उत्तर: मग चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून रिम वाकली आहे का, तेही पाहा.