मदत हवी आहे: सासूबाईंना जुन्या जीएमसीत न्यायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीला राहतो. माझ्या सासूबाई पणजीच्या जुन्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, परिचारिका होत्या. इस्पितळ बांबोळीला गेल्यापासून त्यांनी त्या वास्तूत पाऊल ठेवलेलं नाही. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ती इमारत. तिथे आता डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची दालनं थाटतात. ज्या वॉर्डात त्यांनी रात्रपाळ्या केल्या, तिथे आज चित्रं आणि मांडणशिल्पं आहेत, हे ऐकल्यापासून "एकदा दाखव गो" म्हणून मागे लागल्या आहेत.

त्यांचे गुडघे दुखतात, जिना जेमतेम चढतात. महोत्सवात चाकाची खुर्ची मिळते का? वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट किंवा उतार आहे का? सकाळी गर्दी कमी असते की दुपारी? मांडवीकाठच्या रस्त्यावर त्या दिवसांत गाडी अगदी दाराशी थांबवू देतात का, तेही सांगा. कदंब बसस्टँडवरून चालत नेणं शक्य नाही.

आणखी एक. नव्या धाटणीची कला त्यांना समजावून सांगणारं, मराठी किंवा कोंकणी बोलणारं कोणी तिथे असतं का? नुसत्या भिंती पाहून परतायचं नाही, त्यांना सगळं नीट बघायचंय. कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया अनुभव लिहा.