ऑर्किडची पिवळी पाने : खताआधी मुळे पाहावीत

पावसाळ्यात ऑर्किडची पाने पिवळी पडल्यास खत वाढवावे, हा उपाय मला घातक वाटतो. फॅलेनॉप्सिस या कुंडीत लावल्या जाणाऱ्या ऑर्किडचे सर्वांत खालचे एखादेच पान सावकाश पिवळे होत असेल, तर ते वयोमानाने गळणारे पान असते. मात्र रत्नागिरीसारख्या दमट किनाऱ्यावर, जिथे कुंडीतले नारळाचे सोडण पावसाळाभर भिजलेलेच राहते, तिथे एकदम अनेक पाने पिवळी पडली, तर झाड बाहेर काढून मुळे बोटांनी दाबून पाहावीत : निरोगी मूळ टणक लागते, कुजलेल्याची साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने कापून झाड कोळसा व विटांच्या तुकड्यांत लावावे आणि पागोळ्यांपासून दूर, वारा खेळेल असे टांगावे. आपल्याकडे आंब्या-फणसांवर वाढणारी सीतेची वेणी (एक रानटी ऑर्किड) मुसळधार पावसातही तगते, कारण तिची उघडी मुळे चटकन निथळतात.