गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असताना कमी मात्रेचे ॲस्पिरिन घ्यावे का?

निशिगंध (प्रश्न)

माझे वय 33 आहे. गेल्या वर्षी पहिल्याच गरोदरपणात, तिसरा महिना लागण्यापूर्वी, माझा गर्भपात झाला. त्यानंतरच्या थायरॉइड, साखर आणि सोनोग्राफीच्या तपासण्यांत दोष आढळला नाही, आणि आता आम्ही पुन्हा प्रयत्न करत आहोत. माझ्या जाऊबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज घ्यायला सांगितले होते आणि त्यानंतर त्यांना दिवस राहिले, त्यामुळे मीही ते लगेच सुरू करावे असा त्यांचा आग्रह आहे. ही गोळी गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढवते आणि गर्भ रुजायला मदत करते असे त्या म्हणतात. मला मात्र रक्त पातळ करणारे औषध कारणाशिवाय घेण्याची भीती वाटते, आणि दिवस राहिल्यावर रक्तस्राव झाला तर तो गोळीमुळे झाला की आणखी कशामुळे, हे मला कळणार कसे? माझ्यासारख्या स्थितीत हे औषध घेण्यास काही आधार आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शेवंती

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेले नसल्यामुळे तुम्ही गोळी घ्यावी किंवा घेऊ नये असे मी येथे लिहिणार नाही, परंतु या विषयावर जे अभ्यास झाले आहेत त्यांतील एक जवळजवळ तुमच्याच स्थितीतील स्त्रियांवर झालेला असल्यामुळे तो थोडा सविस्तर सांगते.

‘ईगर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी एक किंवा दोन गर्भ गमावलेल्या आणि नैसर्गिकरीत्या प्रयत्न करणाऱ्या 1228 स्त्रिया तिच्यात होत्या. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन व फॉलिक ॲसिड दिले गेले आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी व फॉलिक ॲसिड. ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात 58 टक्के आणि दुसऱ्या गटात 53 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले; हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान असल्यामुळे संशोधकांनी गर्भपात टाळण्यासाठी सरसकट ॲस्पिरिन देण्याची शिफारस केली नाही. मात्र मागील वर्षभरात, विसाव्या आठवड्याच्या आत, एकच गर्भपात झालेल्या स्त्रियांचा उपगट वेगळा पाहिला तेव्हा हेच प्रमाण 62 विरुद्ध 53 टक्के निघाले. तुम्ही साधारण याच उपगटात मोडता, म्हणून तुमच्या जाऊबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. पण एका उपगटातील जेमतेम सिद्ध झालेल्या फरकावर उपचाराचा नियम उभा करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

याच चाचणीच्या माहितीचे पुन्हा विश्लेषण करून 2021 मध्ये असे मांडले गेले की, आठवड्यातून किमान पाच दिवस गोळी नेमाने घेतल्यास दर 100 स्त्रियांमागे सुमारे 15 जास्त जिवंत जन्म होतात. हा आकडा मोहक आहे आणि समाजमाध्यमांवर तो एकटाच फिरतो. गोळी नेमाने घेणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात, आणि गणिताने हा फरक कितीही काळजीपूर्वक वजा केला तरी चिठ्ठ्या टाकून केलेल्या मूळ तुलनेइतका भरवसा त्यातून मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवून तो वाचावा.

वारंवार आणि अकारण गर्भपात होणाऱ्या स्त्रियांबाबतचे चित्र याहून स्पष्ट आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत 364 स्त्रियांना ॲस्पिरिन, ॲस्पिरिनसोबत हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली आणि तिन्ही गटांत फायद्याचा फरक दिसला नाही; उलट निष्क्रिय गोळीच्या गटाची टक्केवारी किंचित जास्तच होती. आयव्हीएफमध्येही प्रत्येकीला ॲस्पिरिन दिल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असे एकत्रित आढाव्यांतून दिसलेले नाही.

रक्तपुरवठ्याविषयी: ॲस्पिरिन प्लेटलेटमधील (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तकणांतील) एक विकर कायमचे बंद पाडते, त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन नावाचे, रक्त गोठवणारे व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य कमी तयार होते. म्हणून रक्तप्रवाह सुधारेल ही कल्पना तर्कसंगत आहे, पण तर्काला पटणारी गोष्ट प्रत्यक्ष मूल होण्यात दिसावी लागते, आणि ती सरसकट दिसलेली नाही. लवकरच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. तेथे रक्तप्रवाह सुधारून काही साधत नाही.

रानजाई

मी डॉक्टर नाही, परंतु ज्या कारणासाठी ॲस्पिरिन खरोखर दिले जाते ते माझ्या वाट्याला आल्यामुळे लिहीत आहे. माझे गर्भपात एकामागून एक झाले आणि तपासणीत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आढळला. या आजारात शरीर स्वतःच्याच विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि वारेचे काम बिघडते. तपासणी एकदा सकारात्मक आली म्हणून निदान पक्के होत नाही, किमान 12 आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. ती वाट पाहणे मला औषधापेक्षाही जड गेले. मला प्रयत्नांच्या काळातच ॲस्पिरिन सुरू केले आणि दिवस राहिल्याची खात्री होताच त्यासोबत हेपॅरिनची इंजेक्शने दिली. तुमच्या जाऊबाईंना गोळी का दिली होती, हे आधी त्यांना विचारा. कारण वेगळे असेल, तर त्यांचा अनुभव तुम्हाला लागू होणार नाही.

औषधपेटी

मी फार्मासिस्ट आहे. 75, 81 आणि 100 मिलिग्रॅम या वेगवेगळ्या देशांतील प्रचलित मात्रा आहेत आणि तिन्ही ‘कमी मात्रे’तच मोडतात. डोकेदुखीसाठीची 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी मात्र यासाठी घ्यायची नसते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, वेदनाशामकांनी वाढणारा दमा, पोटातील अल्सर, रक्तस्रावाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध, यांपैकी काहीही असल्यास ही गोळी स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. तसेच आयबुप्रोफेनची गोळी आधी घेतलेली असल्यास ती ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरील परिणाम अडवू शकते, आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात अशी वेदनाशामके नियमित घेणे तसेही टाळलेले बरे, कारण त्यांच्यामुळे बीज सुटण्यात अडथळा येऊ शकतो. अंगदुखीसाठी काय चालेल हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

निशिगंध

सर्वांचे आभार. जाऊबाईंना विचारले. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात रक्तदाब फार वाढला होता आणि बाळ वेळेआधी काढावे लागले होते, म्हणून पुढच्या खेपेसाठी त्यांना ॲस्पिरिन सुचवले होते. ते प्रत्यक्षात दिवस राहिल्यानंतर सुरू करायचे होते. त्यांनी आधीच सुरू केले, असे आता कळले. रक्तस्रावाबद्दलची माझी शंका मात्र अजून कायम आहे, आणि सीआरपी नावाची तपासणी करून घ्यावी असेही कोणी सुचवले आहे.

शेवंती

जाऊबाईंचे कारण अगदी वेगळे आहे. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याचा आजार, टाळण्यासाठीचे ॲस्पिरिन हा या औषधाचा गरोदरपणातील सर्वांत भक्कम उपयोग होय, पण ते सहसा बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. 2017 च्या ‘ॲस्प्री’ चाचणीत अधिक धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम दिल्यावर 37 आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. दिवस राहण्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि जाऊबाईंना त्या गोळीमुळे दिवस राहिले असे त्यावरून म्हणता येत नाही.

सीआरपीबद्दल: ‘ईगर’मध्येच, शरीरातील दाह दाखवणारा हा घटक ज्यांच्यात जास्त होता अशा स्त्रियांना ॲस्पिरिनचा फायदा अधिक दिसला. तो धागा संशोधनासाठी महत्त्वाचा आहे, पण साध्या सर्दीनेही हा आकडा वाढतो, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून औषध ठरवण्याइतकी ती तपासणी आज पक्की झालेली नाही. तुम्ही अजून घेत नसाल तर फॉलिक ॲसिड मात्र आजच सुरू करा, दिवसाला 400 मायक्रोग्रॅम. त्याचा उपयोग निर्विवाद आहे, आणि बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चारच आठवड्यांत मिटते, म्हणून ते आधीपासूनच चालू असावे लागते.

रक्तस्रावाची तुमची शंका रास्त आहे. ‘ईगर’मध्ये ॲस्पिरिन घेणाऱ्यांत योनीमार्गे रक्तस्राव थोडा जास्त आढळला, परंतु गर्भपात वाढले नाहीत. तरीही पहिल्या तिमाहीतील रक्तस्रावाकडे पाहून तो गोळीचा की गर्भाच्या अडचणीचा हे घरी ओळखता येत नाही. गोळी घेत असा वा नसा, सोनोग्राफी करावीच लागते. एकदा गर्भ गमावलेल्या स्त्रीला त्या डागांनी जी धास्ती बसते, ती मी औषधाच्या तोट्यांत धरते, जरी चाचण्यांच्या तक्त्यांत तिला रकाना नसला तरी.

तुमच्या डॉक्टरांनी हे सर्व पाहून गोळी सुरू केली, तर ती कधी थांबवायची हे त्याच भेटीत लिहून घ्या, आणि दात काढणे किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास ती घेत असल्याचे तेथे आधी सांगा, कारण प्लेटलेटवरचा परिणाम गोळी बंद केल्यावरही सात ते दहा दिवस टिकतो.