स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर तानपुऱ्याचे काम सोडावे का?

प्रश्न : मिरजेचा तानपुरेवाला

नमस्कार. माझे वय ६८ असून गेली ४२ वर्षे मी मिरजेत तानपुरे करतो. सात महिन्यांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. आजार सुरुवातीच्या अवस्थेत आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. भोपळा पारखणे, तुनाच्या लाकडाचा दांडा तासणे, घोडीवर (तारा टेकतात त्या तुकड्यावर) कानस फिरवून जवारी काढणे, म्हणजे तारांचा झंकार खुलवणे, ही कामे हात आजही आपसूक करतात. किंबहुना जवारी काढताना माझे मन जितके निवळते, तितके दिवसभरात दुसऱ्या कशानेही निवळत नाही. अडचण निराळीच आहे. काळी एक पट्टीचा, म्हणजे त्या मूळ स्वराचा, तानपुरा कोणाला हवा होता आणि काळी पाचचा कोणाला, हे लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात जनानी तानपुऱ्याला मी मर्दानी मापाचा भोपळा जोडला आणि सरस वाळल्यावर ते ध्यानात आले. मुलगा म्हणतो, बाबा, आता थांबा, इतक्या वर्षांचे नाव खराब होईल. त्याची माया मला कळते. परंतु लहान मुलांच्या हाताला बेतेल असा आखूड दांड्याचा तानपुरा करून पाहावा, असे माझ्या मनात वर्षभर घोळते आहे, आणि तो न करता बसून राहणे मला जमणार नाही. या आजारातही काम चालू ठेवलेल्या कोणाचा अनुभव असल्यास कृपया कळवावा.

उत्तर १ : एक डॉक्टर, सातारा

काका, मी मेंदूविकारांच्या रुग्णांवर उपचार करते. कालपरवाची घटना नोंदवून ठेवणारा मेंदूचा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये लवकर बाधित होतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात बसलेले कौशल्य मुख्यतः बेसल गँग्लिया आणि लघुमेंदू या मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालते, आणि ते सहसा पुष्कळ काळ टिकते. म्हणून गिऱ्हाईक विसरते आणि जवारी विसरत नाही, यात आपली हयगय नाही. स्मृतिभ्रंशाच्या इतर प्रकारांत हा क्रम वेगळा असू शकतो, त्यामुळे आपल्या डॉक्टरांशी हाताच्या कामाबद्दल स्पष्ट बोलावे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. त्याचबरोबर श्रवणचाचणी अवश्य करावी, कारण ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक मानले जाते आणि आपले तर सगळे कामच कानावर आहे. विजेवर चालणारी करवत मात्र एकट्याने वापरू नये.

लंडनमध्ये राहणारे विल्यम उटरमोलेन या चित्रकाराला १९९५ मध्ये हाच आजार असल्याचे निदान झाले. त्यानंतरही काही वर्षे ते स्वतःच्या चेहऱ्याची चित्रे काढत राहिले. रेषा बदलत गेल्या, प्रमाणबद्धता सुटत गेली, परंतु ती चित्रे आज जगभर आवर्जून पाहिली जातात.

उत्तर २ : सांगलीच्या एक गृहिणी

भाऊ, आमच्याकडे ह्यांना दोन वर्षांपूर्वी हेच निदान झाले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते याच सांगलीत, त्यामुळे येथे घरोघरी नाटकाचे वेड आहे, आणि ह्यांनी तर नोकरी सांभाळून ३० वर्षे हौशी रंगभूमीवर कामे केली. आता गद्य संवाद राहत नाहीत. नाट्यपदाची पहिली ओळ मात्र कोणी म्हटली की पुढचे सगळे कडवे येते. सुरुवातीला मी शब्द सुचवला की हे संतापत. एके दिवशी मी म्हटले, "अहो, विंगेत प्रॉम्प्टर असायचा तेव्हा कुठे राग यायचा?" तेव्हापासून मी पाठीमागे वही घेऊन बसते आणि हे नातवंडांना प्रवेश बसवून देतात. आपल्या मुलाला हेच काम द्या. माप, पट्टी, नाव त्याने सांगावे; लाकूड आपण धरावे. आणि इच्छापत्र, बँकेची कागदपत्रे ही कामे आत्ताच उरकून घ्या. आम्ही ती लांबवली आणि त्याचा फार त्रास झाला.

उत्तर ३ : एक गायिका, कोल्हापूर

मला थोडे वेगळे वाटते. तारखेच्या बोलीवर पैसे घेऊन नवे तानपुरे करणे आपण थांबवावे, कारण चुकीपेक्षा चुकीची धास्तीच आपल्याला अधिक थकवेल. जुन्या तानपुऱ्यांची जवारी काढून देणे चालू ठेवावे. त्यात वाद्य समोरच असते आणि लक्षात ठेवण्यासारखे थोडेच उरते. आपण आजाराविषयी मोकळेपणाने सांगितलेत, तर माझ्यासारखी माणसे वाद्य घेऊन येतील आणि समोर बसून स्वर देतील.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे मुलाने मला दोनदा वाचून दाखवली आणि आम्ही दोघे बराच वेळ बोललो. नवी मागणी यापुढे घ्यायची नाही, असे ठरले. जवारीसाठी आलेल्या प्रत्येक तानपुऱ्याच्या खुंटीला तो आता चिठ्ठी बांधतो : नाव, पट्टी आणि पहिली तार पंचमाची की मध्यमाची. श्रवणचाचणी पुढील आठवड्यात आहे. आखूड तानपुऱ्यासाठी एक लहान भोपळा आम्ही बाजूला काढला आहे आणि त्यावर मुलाने खडूने 'बाबांचा' असे लिहून ठेवले आहे.