सोसायटीतल्या चिमुकल्यांना मातीची गोडी कशी लावू?

पुण्यात आमच्या सोसायटीत दर रविवारी चार ते सात वर्षांची नऊ मुलं माझ्याकडे बागकामाला येतात. टोमॅटो पेरला. रोज "आलं का?" विचारतात, दोघांनी तर बी उकरूनच पाहिलं. पुढे काय करू?

उत्तर १
टोमॅटोला उगवायलाच आठवडा लागतो, एवढ्या लहानांना तो फार होतो. मेथी घ्या. दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत कोंब वर. आणि उकरणाऱ्यांना रागावू नका हो! त्यांच्यासाठी काचेच्या ग्लासात कडेला दाणे लावा, मूळ खाली जाताना दिसतं.

उत्तर २
ताई, आधी माती हातात द्या. मी सोलापूरकडची, काळ्या रानात वाढले. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून मिटतात. काळ्या मातीचा ओला गोळा वळून दाखवा, मग वाळूचा वळायला सांगा. तो फुटतो तेव्हा मुलांचे चेहरे बघा. बरणीत माती-पाणी हलवून ठेवा: वाळू लगेच तळाशी बसते, पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं.

प्रश्नकर्ती
आज बरणी केली! कुंडीखाली गांडूळ निघालं. ते कातडीतून श्वास घेतं म्हणून हात ओले करून धरायला सांगितलं. सगळ्यात भित्री मुलगी तळहात पसरून कितीतरी वेळ बसली, "गुदगुल्या करतंय" म्हणाली. नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुतले. रविवारी मेथी.