संथ आहे, पण रेंगाळत नाही

'कावालेरिया रुस्तिकाना' या ऑपेराच्या १९४० च्या ध्वनिमुद्रणातलं इंटरमेझो (दोन प्रसंगांमधला, नुसत्या वाद्यांचा तुकडा) फार रेंगाळतं, असं मत कुणीतरी मांडलंय; मला ते पटलं नाही. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदाचं संचालन तेव्हा खुद्द ऑपेराचे संगीतकार मास्कान्यी करत होते, ऑपेराच्या पहिल्या प्रयोगानंतर ५० वर्षांनी. स्वरपट्टी एफ मेजर, चाल तीन मात्रांची. मेजर म्हणजे प्रसन्न, असं आपण पटकन धरून चालतो. पण प्रसंग बघा ना! ईस्टरचा दिवस, चौक रिकामा, आणि बायकोचं तुरिद्दूशी असलेलं प्रकरण कळून आल्फियोने नुकतीच सूडाची शपथ घेतलेली. व्हायोलिन्स हळुवार उठतात, पुढे ऑर्गन मिसळतो, तेव्हा ती शांतता अक्षरशः अंगावर येते. लय वाढवली की नुसती गोड धून उरते.